दोषाची वाटणी

इतिहासाच्या पेपरात 'फोडा आणि झोडा' हे तीन शब्द योग्य जागी लिहिले की गुण मिळतात. मराठी माध्यमाच्या मुलांना हे शब्द पाठ असतात, आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना 'लडाओ और हुकूमत करो' पाठ असते. परीक्षा संपते, मुले मोठी होतात, पण हे उत्तर काही तोंडातून जात नाही. फाळणी का झाली? काश्मीर का पेटले? पॅलेस्टाईनचा प्रश्न का सुटत नाही? आफ्रिकेत जमाती एकमेकांना का कापतात? सगळ्यांचे उत्तर तेच. चहाच्या हॉटेलात, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या दावतीत दस्तरख्वानावर आम्ही हे उत्तर ऐकले आहे आणि स्वतःही दिले आहे.

याच्या उलट बोलणारेही भेटतात. गोरे जाऊन पाऊणशे वर्षे उलटली, आता किती दिवस त्यांच्या नावाने बोटे मोडणार, असे ते विचारतात. सिंगापूरचे उदाहरण देतात. त्यांचेही चूक आहे असे म्हणवत नाही. पण या दोन्ही पक्षांचा वाद नीट ऐकला की एक गोष्ट लक्षात येते. आरोपीच्या पिंजऱ्यात एकाच माणसापुरती जागा आहे, असे दोघेही धरून चालतात. इंग्रज उभा राहिला तर आपण सुटलो, आणि आपण उभे राहिलो तर इंग्रज सुटला.

मराठवाड्यातल्या मुसलमानासाठी हा वाद केवळ पुस्तकी नाही. दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. जालन्यात टाउन हॉलजवळ हुतात्मा जनार्दन मामा यांच्या स्मृतिस्तंभाला अभिवादन होते, ते योग्यच आहे. पण त्याच दिवशी किंवा त्याच्या पुढेमागे, निवडणूक जवळ असली तर हमखास, 'रझाकारांची औलाद' हा शब्दही कानावर येतो. तो ऐकला की आमच्यातल्या पुष्कळांना ती जुनी छत्री उघडावीशी वाटते : सगळे इंग्रजांनी केले, त्यांनीच लावालावी केली, नाहीतर आपण भाऊभाऊ होतो. ही छत्री खरोखर पाऊस अडवते का, हे एकदा पाहून घेतले पाहिजे. त्यासाठी लंडनला जायची गरज नाही. भोकरदन तालुक्यात असई नावाचे गाव आहे, तिथपर्यंत गेले तरी पुरे.

केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जागेत २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. दोन दिवस आधी बदनापूरला जनरल आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट होऊन कोणी कोणत्या वाटेने जायचे ते ठरले होते. स्टीव्हन्सनची वाट न पाहता वेलस्लीने लढाई दिली. त्याचे दीड हजारांहून अधिक लोक ठार किंवा जखमी झाले, आणि शिंद्यांच्या जवळपास शंभर तोफा त्याच्या हाती लागल्या. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ साली त्याने वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. पण आपली सर्वोत्तम लढाई कोणती, असे विचारले असता म्हातारपणी त्याने असईचे नाव घेतले, असे सांगतात. आमच्या जिल्ह्यातल्या पुष्कळ लोकांना हे गाव एसटीच्या पाटीवरून तेवढे माहीत असते.

आता या लढाईत कोण कोणाच्या बाजूला होते ते पाहा. इंग्रजांच्या फौजेत गोरे थोडे आणि मद्रासकडचे देशी शिपाई जास्त. शिवाय म्हैसूरचे आणि मराठ्यांचे घोडदळ त्यांच्या सोबतीला. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले, त्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन नावाचा जर्मन, आणि त्याच ओळीत सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी. मुसलमान दोन्हीकडे, हिंदू दोन्हीकडे, युरोपियन दोन्हीकडे. आणि वेलस्ली मुळात दख्खनमध्ये इतक्या आत आला कसा? २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव दुसरा पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला. भाऊबंदकीत हरलेल्या माणसाने शेजारच्या दरोडेखोराला घराची किल्ली दिली. दरोडेखोराने घर लुटले हे खरे, आणि किल्ली दिली गेली हेही खरे. एक खरे सांगितले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही.

निजामाने तर ही किल्ली बाजीरावाच्या आधीच देऊन टाकली होती. १७९८ आणि १८०० च्या तहांनी हैदराबादने तैनाती फौज स्वीकारली. तैनाती फौजेचा धडा पाचव्या-सहाव्या तासाला उरकून टाकण्यासारखा वाटतो, पण आमच्या मते मराठवाड्याच्या पुढच्या दीडशे वर्षांचा उगम त्यातच आहे. फौज इंग्रजांची, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाने द्यायचा. पुढे 'हैदराबाद कंटिन्जन्ट' नावाची आणखी एक फौज गळ्यात पडली. तिचा खर्च झेपेना, देणे थकत गेले. शेवटी १८५३ साली डलहौसीच्या काळात त्या देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. जालन्याहून देऊळगाव राजाला किंवा सिंदखेड राजाला जाताना आपण जी जिल्ह्याची हद्द ओलांडतो, ती अशी कर्जाच्या वहीत आखली गेली. तिच्या पलीकडे कापूस, रेल्वे आणि इंग्रजी कायदा. अलीकडे निजामाची देशमुखी आणि जहागिरी. आज एक बाजू अमरावती विभागात आहे, दुसरी मराठवाड्यात, आणि दोन्हीकडचे लोक अनुशेषाच्या नावाने मुंबईशी भांडतात. १९०२ साली कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरवून वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला. फौज त्यांची, प्रांतही त्यांचा, आणि उपकार वर निजामावर.

पण पैशापेक्षा मोठे नुकसान वेगळेच झाले. ज्या राजाच्या गादीला परक्याची संगीन पाठीशी आहे, त्याला रयतेची मर्जी राखायची गरज उरत नाही. पूर्वीचा राजा जुलमी झाला तर उठावाला भ्यायचा, सरदारांना भ्यायचा, शेजाऱ्याला भ्यायचा. तैनाती फौजेने ही भीती काढून घेतली. बोलारम-सिकंदराबादची छावणी आहे आणि रेसिडेन्सीत साहेब आहे, तोवर रयत मराठी बोलते की तेलुगू की कन्नड, तिला शाळा हवी की सभा, याने काही बिघडत नव्हते. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली. रेसिडेंट साहेबांची त्याने झोपमोड झाली नाही.

उर्दू ही आमची भाषा. ती त्या राज्यात सरकारची भाषा होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून स्थापन झाले याचा आम्हाला अभिमान वाटतो आणि वर्गात सांगताना तो लपत नाही. पण त्याच राज्यात मराठी बोलणाऱ्या मुलाला शिक्षणाची वरची पायरी चढायची तर आपली भाषा उंबऱ्याबाहेर ठेवावी लागत होती. मायबोलीतून शिकण्याच्या हक्कासाठी आम्ही आज भांडतो. त्या मुलाचा तोच हक्क आम्ही कोणत्या तोंडाने नाकारणार?

मग १९४७ आले. भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याच्या सातव्या कलमाने संस्थानांवरची इंग्रजांची सार्वभौम सत्ता एका रात्रीत संपली. दीडशे वर्षे ज्यांनी राजाला रयतेपासून तोडून ठेवले, त्यांनी जाताना रयतेच्या हाती काहीच दिले नाही. राजाला एवढेच सांगितले की आता तुझे तू बघ. २९ नोव्हेंबर १९४७ ला 'जैसे थे' करार झाला, बोलणी लांबत गेली, आणि २१ जून १९४८ ला माउंटबॅटनही निघून गेले. साम्राज्याचा दोष मोजायचा असेल तर तो इथे नेमका मोजता येतो. 'त्यांनी आम्हाला लढवले' हे ढोबळ वाक्य आहे. त्यांनी जबाबदारी नसलेला राजा घडवला, आणि तो तसाच टाकून ते गेले, हे आमच्या मते खरे वाक्य.

पण इंग्रजांच्या खात्याची रेघ तिथे संपते. त्यापुढचे पान आपल्या हस्ताक्षरात आहे. लातूरच्या वकिलीतून वर आलेल्या कासिम रझवीला रझाकार उभे करायला कोणी गोऱ्याने सांगितले नव्हते. गावे लुटली गेली, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. ते करणारे हात इथलेच होते आणि त्यांच्या तोंडी दीनचे नाव होते. हैदराबादेत 'इमरोज' नावाचे उर्दू दैनिक चालवणारा शोएबुल्ला खान हा तरुण पत्रकार भारतात विलीन व्हावे असे लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्याला गोळ्या घालून, हात तोडून मारण्यात आले. मारणारे मुसलमान, मेलेला मुसलमान, भाषा दोघांची उर्दू. यात लॉर्ड कर्झनला कुठे बसवायचे?

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाने शस्त्र ठेवले. त्यानंतर जे घडले ते आमच्या घराघरांत कुजबुजत सांगितले गेले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना त्या वर्षअखेरीस भारत सरकारनेच चौकशीला पाठवले. संस्थानभर मिळून पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. तेव्हाचे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त पोळले. औरंगाबादचे नाव त्यांच्या खालोखाल आहे, आणि जालना तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. आधी रझाकारांनी हिंदूंवर केलेले अत्याचारही या तिघांनी लिहून ठेवले, आणि मुसलमान विणकरांना वाचवण्यासाठी स्वतःच्या जिवावर उदार झालेल्या हिंदू विणकरांची नोंदही घेतली. तीन माणसांनी एवढे प्रामाणिक काम केले, आणि तो अहवाल पासष्ट वर्षे सर्वसामान्य माणसाच्या नजरेआड राहिला. २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचायला मिळू लागला. हा अहवाल इंग्रजांनी दडवला नव्हता.

मारले गेले ते कोण होते? राज्य करणारे नबाब आणि जहागीरदार बहुतेक हैदराबादेत सुरक्षित होते. खेड्यातला मुसलमान पिंजारी होता, अत्तार होता, तांबोळी, मणियार, कुरेशी, मोमीन होता. निजामाच्या राज्यात तो राज्यकर्ता कधीच नव्हता. तो गाद्या पिंजत होता आणि बांगड्या भरत होता. आणि कासिम रझवी? तो तुरुंगातून १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. जो गेला त्याचा हिशेब राहिलेल्यांकडून मागितला जातो, हा प्रकार आजही चालू आहे.

इथे मात्र इंग्रज पुन्हा आठवतो. १८१७ साली जेम्स मिल नावाच्या गृहस्थाने हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. तो कधी हिंदुस्थानात आला नव्हता, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. त्याच्या मांडणीतून हिंदू काळ, मुसलमान काळ आणि ब्रिटिश काळ असे तीन कप्पे रूढ झाले. तिसऱ्या कप्प्याला कोणी ख्रिस्ती काळ म्हटले नाही, हे विद्यार्थ्यांना दाखवून दिले की ते हसतात. दुसऱ्या कप्प्यात बादशहा आणि पिंजारी एकाच नावाने कोंबले गेले. शोएबुल्ला खानाला आणि त्या हिंदू विणकरांना या कपाटात कुठेच जागा नाही. कपाट मिलने बनवले. पण ते कपाट घरात ठेवून पिढ्यानपिढ्या त्याला रंग देत आलो ते आपण, आणि त्यात मुसलमान वक्तेही आले. निजामाच्या राज्याला 'आमचे राज्य' म्हणणारा मुसलमान आणि 'तुमचे राज्य' म्हणणारा हिंदू, दोघेही मिलचेच विद्यार्थी.

मग दोष कोणाला किती? या प्रश्नात 'किती' हा शब्दच फसवा आहे, असे आम्हाला वाटते. आपण दोषाची वाटणी भाकरीसारखी करायला बसतो, एकाला मोठा तुकडा गेला की दुसऱ्याला लहान. आपल्या धर्मपरंपरेत ही गोष्ट फार वेगळी समजावलेली आहे. आदम (अ.) यांच्या मुलाने, काबीलने, हाबीलला मारले. हदीस अशी आहे की त्यानंतर जगात जो जो खून अन्यायाने होतो, त्याच्या पापाचा एक वाटा काबीलकडे जातो, कारण ही रीत त्याने पाडली. आणि दुसऱ्या एका हदीसमध्ये हेही स्पष्ट केले आहे की वाईट रीत पाडणाऱ्याकडे असा वाटा गेल्याने, ती रीत पुढे चालवणाऱ्याचे ओझे तसूभरही कमी होत नाही. कुरआनात सूरह इब्राहीममध्ये कयामतच्या दिवशी सैतान आपल्या अनुयायांना काय ऐकवेल ते आले आहे. त्याचा आशय असा की माझी तुमच्यावर काही सक्ती नव्हती, मी हाक दिली आणि तुम्ही आलात, आता मला कशाला दोष देता, स्वतःला द्या. एवढे बोलून सैतान काही सुटत नाही, त्याचाही ठिकाणा तोच. पण त्याचे हे म्हणणे खोटे आहे असे तिथे कोणी म्हणत नाही.

आपले फौजदारी कायदेही याहून वेगळे सांगत नाहीत. १८६० च्या दंडसंहितेत अपप्रेरणा हा स्वतंत्र गुन्हा होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. चिथावणाऱ्याला शिक्षा झाली म्हणून सुरी चालवणाऱ्याची सुटका झाल्याचे आम्ही कधी वाचलेले नाही.

या मापाने जगाकडे पाहिले तर पुष्कळ धुके निवळते. पॅलेस्टाईनमध्ये ब्रिटनचा वाटा प्रचंड आहे. १९१६ साली सायक्स आणि पिको यांनी नकाशावर गुप्तपणे रेघा ओढल्या. २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोरच्या पत्रात तर तिथल्या बहुसंख्य अरबांचे नावसुद्धा नाही, ज्यू नसलेले लोक एवढीच त्यांची ओळख. आपल्या नसलेल्या घराचे वचन ज्याने दिले, त्याच्या खात्यावर हे कायम राहील. पण ऑक्टोबर २०२३ नंतरच्या दोन वर्षांत गाझात मारल्या गेलेल्यांची संख्या तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे साठ हजारांवर गेली. ते बॉम्ब टाकणाऱ्याला बाल्फोरच्या आड लपता येणार नाही. आणि ७ ऑक्टोबरला निःशस्त्र माणसांना मारणाऱ्यालाही नाही. हे दुसरे वाक्य आपल्याकडे सहसा म्हटले जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

रवांडात बेल्जियमने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ते छापले. १९९४ साली शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली, आणि रस्ते अडवणाऱ्यांनी तीच कार्डे तपासली. कोयते मात्र शेजाऱ्यांच्या हातात होते. काश्मीर इंग्रजांनी १८४६ साली ७५ लाख नानकशाही रुपयांना माणसांसकट विकले. रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ ला पहिल्यांदा हिंदुस्थानात आला आणि पाच आठवड्यांत पंजाब-बंगाल कापून मोकळा झाला. आणि १९७१? पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी फौजेने बंगाली मुसलमानांवर जे केले ते कोणत्या गोऱ्याच्या सांगण्यावरून? या प्रश्नावर आमच्या दावतींमध्ये दस्तरख्वान गुंडाळायची घाई होते.

आता खरी अडचण. एकाचे ओझे दुसऱ्याने वाहायचे नाही, हे कुरआनाचे तत्त्व आहे. त्याच्या जोरावर आम्ही म्हणतो की जालन्यातल्या मोमिनाच्या नातवाला रझाकारांचा जाब विचारू नका. तो तेव्हा जन्मलाही नव्हता, त्याचा आजा रझाकार नव्हता, आणि असता तरी नातू गुन्हेगार ठरत नाही. बरोबर. मग लंडनच्या शाळेतल्या मुलीला डलहौसीचा जाब का विचारायचा? तीही तेव्हा नव्हती. इथे फट ठेवून चालणार नाही. एकच माप दोघांना लावावे लागेल.

याचे उत्तर आम्हाला विरासतीच्या मसल्यात सापडते. माणूस मेला की त्याचे गुनाह त्याच्याबरोबर जातात, वारसाला मिळत नाहीत. पण त्याचे कर्ज जात नाही. तरका वाटण्याआधी मय्यतचे कर्ज फेडायचे, हा हुकूम आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतो. वारसाने स्वतःच्या खिशातून द्यावे असे कोणी म्हणत नाही, पण इस्टेट घ्यायची आणि देणे नाकारायचे, हे चालत नाही. लंडनची मुलगी गुन्हेगार नाही. पण ब्रिटन नावाचे सरकार मेलेले नाही. तिजोरी तीच, दप्तर तेच, संग्रहालयांतल्या वस्तूही त्याच. ज्याच्याकडे इस्टेट आहे त्याच्याकडे देणे आहे. पिंजाऱ्याच्या नातवाकडे निजामाची कोणती इस्टेट आली? एका पडक्या घराचा उतारा, तोही कधीकधी वादातला.

हे नुसते मौलवींचे बोलणे नाही. केनियात १९५० च्या दशकात माऊ माऊ बंडखोरांच्या नावाखाली हजारो माणसांना छावण्यांत डांबून छळले गेले. त्यांतली काही म्हातारी माणसे लंडनच्या न्यायालयात गेली. ब्रिटिश सरकारने वसाहतींतून नेऊन हॅन्सलोप पार्क येथे दडवलेली दप्तरे २०११ मध्ये उघड झाली, आणि जून २०१३ मध्ये सरकारने ५,२२८ जणांसाठी सुमारे दोन कोटी पौंड देऊन खेद व्यक्त केला. जालियनवाला बागेच्या शंभराव्या वर्षी, २०१९ मध्ये, नुसता खेद मिळाला, माफी नाही. तिथे दाद मागायला कोणी जिवंत साक्षीदार उरला नव्हता. दप्तर दडवण्यात लंडन आणि दिल्ली या बाबतीत सारखीच निघाली. तिकडची कागदपत्रे २०११ मध्ये बाहेर आली, इकडचा सुंदरलाल अहवाल २०१३ मध्ये. कर्जाची पहिली फेड म्हणजे वही उघडून दाखवणे. तेवढेसुद्धा दोघांना साठ-पासष्ट वर्षे जमले नाही.

आपल्या समाजाकडेही असे काही देणे आहे. ते रक्ताचे नाही, सांगण्याचे आहे. पोलीस ॲक्शननंतरची दुःखे आम्ही मुलांना सांगतो, आणि सांगायलाच हवीत. पण ती सांगताना त्याआधीचे वर्ष गाळायचे, हे दप्तर दडवण्यासारखेच झाले. शोएबुल्ला खानाचे नाव आमच्या किती शाळांच्या भिंतीवर आहे? १७ सप्टेंबरच्या भाषणांत रझाकारांबद्दल पहिले वाक्य मुसलमान वक्त्याने बोलावे आणि २७ हजारांबद्दल पहिले वाक्य हिंदू वक्त्याने, असे आम्ही एका सभेत सुचवून पाहिले. टाळ्या पडल्या, पण वक्ते मिळाले नाहीत.

कर्ज फेडले तरी ते योग्य दारात पोहोचते का, हा त्याहून अवघड प्रश्न. सप्टेंबर १९४८ मध्ये, निजाम शरण आला त्या दिवसांत, हैदराबाद सरकारचे दहा लाख पौंडांहून थोडे अधिक पैसे लंडनच्या एका बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळवले गेले. निजामाने ते परत मागितले, पाकिस्तानने हक्क सांगितला, भारताने हक्क सांगितला. बँकेने पैसे गोठवून ठेवले आणि व्याज वाढत राहिले. एकाहत्तर वर्षांनी, २ ऑक्टोबर २०१९ रोजी, तिथल्या उच्च न्यायालयाने भारत सरकार आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. पैसा सरकारी तिजोरीचा, म्हणजे शेतसाऱ्याचा आणि करोडगिरीचा. त्यात परभणीच्या कुळाचे पैसे होते, अंबडच्या बाजारचे होते, भोकरदनच्या ज्वारीचे होते. न्यायालयात तिन्ही पक्षांचे वकील उभे राहिले. कुळाच्या वतीने कोणी उभे राहिल्याचे आमच्या वाचनात नाही.